पाठांतर आणि प्रयोग

सेंद्रिय रसायनशास्त्र म्हटले, की महाविद्यालयातील विद्यार्थ्यांच्या कपाळी आठ्या उमटतात. शेकडो विक्रिया, त्यांना चिकटलेली परकी नावे आणि परीक्षेच्या आदल्या रात्रीचे पाठांतर हेच त्याला आठवते. परंतु हा विषय खरोखर पाठांतराचा आहे काय? बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे पाहिले, तर या प्रश्नाचे उत्तर सापडते.

जमशेटजी टाटांच्या संकल्पातून १९०९ साली ही संस्था स्थापन झाली आणि १९११ साली तेथे पहिले विद्यार्थी आले. सेंद्रिय रसायन ही तेथील अगदी जुन्या शाखांपैकी एक. प्रारंभीचे प्राध्यापक सडबरो यांचा या विषयाच्या पाठ्यग्रंथांशीही निकटचा संबंध होता. मात्र बारावीनंतरच्या विद्यार्थ्यांसाठी चार वर्षांचा विज्ञान-पदवी-अभ्यासक्रम तेथे सुरू झाला तो २०११ साली. त्यामुळे शिक्षणाच्या दोन्ही पायऱ्या आज एकाच आवारात शेजारी शेजारी दिसतात.

या दोन पायऱ्यांमधील भेद म्हैसूरच्या चंदनानेच समजावून घेऊ. पहिल्या महायुद्धाच्या काळात सडबरो आणि वॉटसन यांनी याच संस्थेत चंदनतेल काढण्याचे प्रयोग केले, आणि त्यांतून म्हैसूर संस्थानातील चंदनतेलाचा उद्योग उभा राहिला. या तेलातील मुख्य घटक म्हणजे अल्फा-सँटलॉल व बीटा-सँटलॉल. दोहोंच्या रेणूत कार्बनचे १५, हायड्रोजनचे २४ आणि ऑक्सिजनचा १ अणू. सूत्र एकच, रचना मात्र भिन्न! अल्फामध्ये तीन वलये आणि एक दुहेरी बंध. बीटामध्ये दोन वलये आणि दोन दुहेरी बंध.

पदवीच्या विद्यार्थ्याने येथे रचना वाचावयास शिकावे. ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी दिसताच ‘हे अल्कोहोल’ असे त्याने ओळखावे. दुहेरी बंधात इलेक्ट्रॉन विपुल आहेत, तेव्हा इलेक्ट्रॉनांची उणीव असलेला अणू तेथेच ओढला जाईल, हे ताडावे. इलेक्ट्रॉनांची ही वाटचाल वक्र बाणांनी दाखविण्याची पद्धत रॉबिन्सन यांनी १९२२ च्या सुमारास रूढ केली. तो बाण ज्याला समजला, त्याला शंभर विक्रियांमागील मोजकी सूत्रे गवसली.

पदव्युत्तर वर्गात प्रश्नच उलटा होतो. हा रेणू काय करील, असे न विचारता, हा रेणू घडवावा कसा, असे विचारतात. अमेरिकेतील कोरी यांनी १९६० नंतर या उलट्या विचाराला शिस्त लावली. त्यासाठी त्यांना १९९० चे नोबेल पारितोषिक लाभले. इष्ट रेणूचे मनोमन तुकडे करीत साध्या, सुलभ द्रव्यांपर्यंत मागे यावयाचे, अशी ही रीत. येथे उत्तरे अनेक असतात आणि त्यांचा निवाडा फळ्यावर होत नाही. तो काचपात्रात होतो.

म्हणूनच प्रयोगशाळेतील जागा हीच उच्च शिक्षणाची खरी जागा होय. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी उत्तम रीतीने मिळवून कमला भागवत बंगळूरला आल्या. त्यांचे वडील आणि चुलते त्याच संस्थेत रसायन शिकलेले. तरी केवळ स्त्री म्हणून संचालक रामन यांनी त्यांना प्रवेश नाकारला. त्यांनी माघार घेतली नाही. अखेर जाचक अटींवर, एक वर्षाच्या परीक्षाकाळासाठी, त्यांना प्रवेश मिळाला. श्रीनिवासय्यांच्या हाताखाली जीवरसायनाचे काम करून त्यांनी ती परीक्षा जिंकली, आणि पुढे १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट संपादन केली. त्याच कमलाबाई सोहोनी. त्यांना पुस्तके कोणी नाकारली नव्हती. नाकारला होता तो प्रयोगाचा अधिकार.

आज ज्या महाविद्यालयात प्रयोगाची वही मागील वर्षीच्या वहीवरून उतरविली जाते, तेथे तोच अधिकार निमूटपणे हिरावला जातो, आणि त्याची तक्रारही कोणी करीत नाही. विद्यार्थ्याला ‘काय घडते’ एवढेच न विचारता ‘का घडते’ आणि ‘तू ते करून पाहिलेस का’ असे विचारणारा शिक्षक लाभला, तर या विषयाचे भय उरणार नाही.