मसलत आणि रुजुवात

ज्या वऱ्हाडात कारंज्याचा कापूसबाजार १८८६ साली हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकमाने नियमांखाली आला आणि १८९७ च्या कायद्याने ठिकठिकाणच्या बाजारांवर देखरेख करणाऱ्या समित्या नेमण्याची तजवीज झाली, त्या वऱ्हाडाला हे निराळे सांगावयास नको की, व्यवहार विस्तारला म्हणजे त्याला केवळ चतुर व्यापारी पुरत नाही. वजन, भाव आणि चुकारा यांची निःपक्षपातीपणे रुजुवात करणारा तिऱ्हाईतही लागतो. मोठ्या कंपन्यांच्या आणि बँकांच्या कारभारात हे काम करणाऱ्या व्यवसायास आज रिस्क अ‍ॅडव्हायजरी म्हणतात, आणि धंद्याने कोणती दिशा धरावी याची मसलत देणाऱ्या व्यवसायास मॅनेजमेंट कन्सल्टिंग. पहिला व्यवसाय दुसऱ्याच्या मानाने दुय्यम, असा समज अमरावती-अकोल्याच्या विद्यार्थ्यांतही रूढ होऊ लागला आहे. तो मला अन्यायाचा वाटतो.

एखाद्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्याचे उदाहरण घेऊ. मालकाने सूतगिरणी काढावी की सरकीच्या तेलाकडे वळावे, कर्ज किती घ्यावे, कारभाराची वाटणी कशी करावी, हे प्रश्न मॅनेजमेंट कन्सल्टंटचे. तो बाजारपेठेचा अभ्यास करतो, आकडे मांडतो आणि शिफारस करून पुढच्या कामाला निघून जातो. जोखीम-सल्लागार मात्र काट्यापाशी उभा राहतो. आलेल्या गाडीचे वजन ज्याने केले, त्यानेच काटापट्टी लिहिली, त्यानेच कापसाची प्रत ठरवली आणि चुकाऱ्याचा आदेशही त्यानेच काढला, तर चारही अधिकार एका हाती एकवटले आहेत, हे तो दप्तरावरून हेरतो. संगणकातील नोंद मागाहून कोणाला बदलता येते, गोदामातील गाठी आणि वहीतील गाठी जुळतात काय, कापूसखरेदीसाठी उचललेले बँकेचे कर्ज अन्यत्र वळले काय, हे पाहतो, आणि आपल्या प्रत्येक विधानामागे कागदाचा पुरावा ठेवतो. अशा अहवालाने पुष्कळदा कोणाचे तरी मन दुखावते, आणि तरीही तो लिहावा लागतो.

या व्यवसायाचा विस्तार आपत्तींतून झाला. २००१ मध्ये अमेरिकेतील एन्रॉन कंपनी कोसळली, तेव्हा तेथे पुढच्याच वर्षी सार्बेन्स-ऑक्स्ली कायदा आला. आपल्याकडे जानेवारी २००९ मध्ये सत्यमचे खोटे ताळेबंद उघडकीस आले, आणि २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३८ ने ठरावीक वर्गांतील कंपन्यांवर अंतर्गत लेखापरीक्षक नेमण्याचे बंधन घातले. त्याच कायद्याचे कलम १४४ असे की, जी पेढी एखाद्या कंपनीचे वैधानिक लेखापरीक्षण करते, तिने त्याच कंपनीला अंतर्गत लेखापरीक्षणाची वा व्यवस्थापनाची सेवा देऊ नये. मसलतीच्या व्यवसायाचे मूळही हिशेबापासून दूर नाही: १९२६ मध्ये शिकागोत आपली पेढी काढणारा जेम्स मॅकिन्झी हा हिशेबशास्त्राचाच प्राध्यापक होता.

प्रवेशाचे दरवाजे मात्र भिन्न आहेत. धोरण-सल्ल्याच्या नामांकित पेढ्या आपली माणसे बहुतांशी आयआयएम आणि मोजक्या संस्थांतून निवडतात. तेथे आरंभीचा पगार निःसंशय अधिक, प्रवास अखंड, आणि ठरावीक मुदतीत वरची पायरी गाठावी, नाहीतर पेढी सोडावी, असा रिवाज. जोखीम-सल्ल्यात सनदी लेखापालाला थेट प्रवेश आहे, आणि सनदी लेखापालांच्या राष्ट्रीय संस्थेच्या शाखा अमरावती व अकोला या दोन्ही शहरांत आहेत. संगणकप्रणालींच्या तपासणीसाठी अभियंतेही घेतले जातात, आणि त्यांना माहितीप्रणालींच्या लेखापरीक्षकांसाठी असलेल्या सीसा (CISA) परीक्षेचा उपयोग होतो. येथे शिरून पुढे सहज धोरण-सल्ल्यात सरकू, अशी आशा बाळगणाऱ्यांनी मात्र सावध असावे. पेढ्यांचे हे विभाग स्वतंत्र असतात, आणि मध्ये एमबीए केल्यावाचून ते अंतर क्वचितच तुटते. शिवाय रिस्क अ‍ॅडव्हायजरी या एका नावाखाली अंतर्गत लेखापरीक्षण, सायबर सुरक्षा, अफरातफरीचा तपास आणि नियमपालन अशी परस्परांहून निराळी कामे चालतात, तेव्हा आपली नेमणूक कोणत्या विभागात होणार, हे मुलाखतीतच स्पष्ट विचारून घ्यावे.

वऱ्हाडाच्या दृष्टीने मला याहून महत्त्वाची वाटणारी गोष्ट निराळी आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने ५०० कोटी रुपये वा त्याहून अधिक मालमत्ता असलेल्या नागरी सहकारी बँकांना जोखीमाधारित अंतर्गत लेखापरीक्षण सुरू करण्याचे फर्मावले आणि त्यासाठी ३१ मार्च २०२२ ची मुदत दिली. सहकारी बँकांच्या या मुलखात त्यामुळे एक वाट उघडली: मुंबई-पुण्यात आठ-दहा वर्षे हेच काम केलेला अकोल्याचा लेखापाल अशा बँकेचा तपासणी-विभाग सांभाळावयास घरी परतू शकतो, धोरण-सल्ल्यातील त्याच्या सोबत्याला ही सोय नाही, कारण त्याची अशिले इकडे थोडी. पगार मुंबईचा मिळणार नाही, हे त्याने धरून चालावे. पण कर्जवाटपाची जी फाईल तो उघडील, तिच्यातील कर्जदाराचा जिनिंग कारखाना त्याने प्रत्यक्ष पाहिलेला असेल, त्या हंगामात कापसाची आवक किती होती हे त्याला ठाऊक असेल, आणि ही माहिती बाहेरून आलेल्या तपासनिसाला दप्तरातून मिळत नाही.