गायनाचार्य विष्णु दिगंबर

आज एखाद्या मुलाला किंवा मुलीला गाणे शिकावेसे वाटले, तर जवळच्या संगीत विद्यालयात नाव घालावे, ठरलेले शुल्क द्यावे, पुस्तक घ्यावे आणि वर्षाअखेर परीक्षेस बसावे, असा साधा मार्ग आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी हा मार्ग नव्हता. गाण्याची विद्या गुरूच्या घरी असे, आणि त्या घराचे दार सर्वांसाठी उघडे नसे. शिष्याने गुरुगृही राहावे, पाणी भरावे, पडेल ते काम करावे आणि गुरूची मर्जी होईल तेव्हा चार स्वर पदरात पाडून घ्यावेत, अशी रीत होती. आपल्या घराण्याच्या चिजा परक्याच्या कानी पडू नयेत, म्हणून कित्येक गवई त्या धनासारख्या जपत. राजेरजवाडे गाणे आवडीने ऐकत आणि बिदागीही देत. परंतु गवयाला मानाच्या पंक्तीला बसवीत नसत. चांगल्या घरातील मुलाने गवई होणे कमीपणाचे मानले जाई. मुलीची तर गोष्टच नको.

ही स्थिती पालटावी म्हणून ज्या थोड्या पुरुषांनी आपले आयुष्य वेचले, त्यांत पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्याबरोबरच पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांचे नाव घेतले जाते.

विष्णु दिगंबरांचा जन्म 18 ऑगस्ट 1872 रोजी कुरुंदवाड येथे झाला. घराण्याचे मूळ आडनाव गाडगीळ. पलूस गावावरून ते पलुस्कर झाले. वडील दिगंबरपंत हे कीर्तनकार होते, त्यामुळे सूर आणि ताल घरातच नांदत होते. मुलगा शाळेत जाऊ लागला. पण बालपणी दत्तजयंतीच्या उत्सवात शोभेच्या दारूचा स्फोट त्याच्या तोंडापाशी झाला आणि दोन्ही डोळ्यांना जबर इजा पोहोचली. पुढे थोडीफार दृष्टी परत आली, तरी पुस्तकी शिक्षण तेथेच खुंटले. ज्याला अक्षरे नीट दिसत नाहीत त्याने काय करावे? मुलाचा गळा गोड होता. मिरजेच्या संस्थानिकांच्या आश्रयाने तो बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे गाणे शिकू लागला.

बाळकृष्णबुवा हे थोर गुरू होते. त्यांनी स्वतः ग्वाल्हेरपर्यंत जाऊन, अपार कष्ट सोसून ख्यालगायकी मिळविली आणि ती महाराष्ट्रात आणली. त्यांच्यापाशी विष्णु दिगंबरांनी अनेक वर्षे मेहनत केली. पहाटे उठून तंबोरा जुळवावा, एकेक स्वर स्थिर होईपर्यंत धरावा आणि तोच पलटा शेकडो वेळा घोटावा, असा हा अभ्यास असे.

या काळातील एक प्रसंग सांगतात. मिरजेतील एका समारंभाचे निमंत्रण विष्णु दिगंबरांना आले, परंतु त्यांच्या गुरूंना आले नाही. कारण विचारता, 'ते तर गवई', अशा अर्थाचे उत्तर मिळाले. विष्णु दिगंबरांवर दरबारची मर्जी होती, म्हणून त्यांना मान; आणि ज्यांच्यापुढे बसून ते शिकत होते, त्या विद्वान गुरूला मात्र समारंभात स्थान नाही! हा सल त्यांच्या मनातून गेला नाही. 1896 साली त्यांनी मिरज सोडली. राजाश्रयाची सुखाची भाकर सोडून ते अनोळखी मुलखात निघाले.

बडोदे, ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली असा प्रवास करीत ते पंजाबात पोहोचले. वाटेत सौराष्ट्रात त्यांनी एक नवीनच गोष्ट केली. तिकीट लावून जाहीर मैफल केली. आज यात आपणांस नवल वाटणार नाही. पण दरबारात किंवा देवळात होणारे गाणे थोडे पैसे देऊन कोणाही माणसाने ऐकावे, ही त्या काळी मोठीच क्रांती होती. संस्थानिकाच्या कृपेवाचून, लोकांच्या बळावर गाणे जगू शकते, हे त्यांनी ओळखले.

5 मे 1901 रोजी लाहोर येथे त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. लाहोर आज पाकिस्तानात आहे. तेव्हा ते पंजाबची राजधानी होते. आरंभी विद्यार्थी फिरकेनात. पंडितजी मात्र ठरल्या वेळी वाद्ये जुळवून रिकाम्या वर्गात बसत, असे सांगतात. हळूहळू वर्ग भरू लागले. तेथे शाळेप्रमाणे वेळापत्रक होते, इयत्ता होत्या, परीक्षा होत्या आणि शिस्त मोठी कडक होती.

परंतु वर्गात एकदम पंचवीस मुलांना शिकवावयाचे, तर केवळ तोंडी पाठ पुरेना. म्हणून त्यांनी स्वरलेखनाची पद्धत तयार केली. स्वर कोमल की शुद्ध, खालच्या सप्तकातला की वरच्या, तो किती मात्रा धरावयाचा, सम कोठे येते, हे सारे त्यांनी अक्षरांजवळच्या लहान लहान चिन्हांनी दाखविले. तिच्या आधारे त्यांनी 'संगीत बालप्रकाश', 'राग प्रवेश' यांसारखी क्रमिक पुस्तके छापली. जी चीज पूर्वी वर्षभर सेवा करून मिळे, ती आता छापील पानावर आली. अर्थात कागदावर गाण्याचा सांगाडाच उतरतो. मींड कशी घ्यावी, स्वरावर किती रेंगाळावे, हे गुरूच्या गळ्यातूनच कळते. म्हणून पुस्तक आले तरी गुरूची गरज सरली नाही.

प्रत्येक विद्यार्थी गवई होणार नाही, याची पंडितजींना जाणीव होती. जाणता श्रोता घडला तरी त्यांना ते हवेच होते. पण त्यांचा खरा जीव होता तो उपदेशक वर्गावर. येथील निवडक मुले विद्यालयातच राहत. त्यांच्या जेवणाखाण्याचा भार पंडितजी वाहत; मुलांनी अनेक वर्षे शिकून पुढे इतरांना शिकवावे, एवढीच अट. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बा. र. देवधर असे नामवंत शिष्य त्यांनी तयार केले.

1908 मध्ये मुंबईस विद्यालयाची शाखा निघाली. तिच्यासाठी मोठी इमारत उभारताना कर्ज झाले. पंडितजी गावोगाव गात हिंडत आणि मिळालेला पैसा हप्त्यात जाई. तरी कर्ज फिटेना. अखेर ती वास्तू धनकोंच्या हाती गेली. व्यवहारात ते कच्चे होते, असे म्हणावे लागते. पण इमारत गेली म्हणून त्यांनी शिकविणे थांबविले नाही. नाशिकला रामनाम आधार आश्रम काढून ते तेथे राहिले आणि उत्तरायुष्यात भजनात अधिकाधिक रमले. काँग्रेसच्या अधिवेशनांत ते 'वंदे मातरम्' गात, तेव्हा हजारो लोक स्तब्ध होत. एके काळी समारंभात गवयाला जागा नव्हती. आता देशाचे पुढारी एका गवयाच्या गाण्यासाठी उभे राहत होते.

21 ऑगस्ट 1931 रोजी मिरज येथे त्यांचे निधन झाले. ज्या गावाहून ते निघाले, तेथेच ते परत आले होते. त्याच वर्षी शिष्यांनी एकत्र येऊन गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले आणि 1932 मध्ये विनायकरावांनी पुण्यास विद्यालय सुरू केले.

पंडितजींची अनेक अपत्ये लहानपणीच दगावली होती. मागे राहिलेला मुलगा दत्तात्रेय हा वडील गेले तेव्हा अवघा दहा वर्षांचा होता. वडिलांपाशी बसून पुरते शिकण्याचे त्याच्या नशिबी नव्हते. पण वडिलांनी ज्यांना सांभाळून शिकविले होते, त्या विनायकरावांनी आणि नारायणरावांनी त्याला जवळ घेऊन घडविले. पुढे द. वि. पलुस्कर म्हणून तो देशभर गाजला. 1935 साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, तो प्रथम मोठ्या सभेपुढे गावयास बसला, तो जालंधरच्या हरिवल्लभ संगीत संमेलनात. ज्या पंजाबात वडिलांनी पहिली शाळा काढली, त्याच पंजाबात त्या मुलाने तंबोरे जुळविले आणि पहिला षड्ज लावला.