'फार जवळ' म्हणजे नेमकं किती? जी. एन. रामचंद्रन यांची गोष्ट

रामचंद्रन प्लॉट तुम्ही बीएस्सी किंवा एमएस्सीला शिकला असाल. नेट-सेटच्या तयारीत त्यावरचे प्रश्नही सोडवले असतील. पण तो प्लॉट मुळात का काढावा लागला, हे पाठ्यपुस्तकात सहसा नसतं. पीएचडीला बसणाऱ्याने ते जरूर वाचावं, कारण त्याची सुरुवात एका बोचऱ्या आक्षेपातून झाली आहे.

आधी माणसाबद्दल थोडं. गोपालसमुद्रम नारायण रामचंद्रन यांचा जन्म 1922 साली एर्नाकुलममध्ये, एका तमिळ कुटुंबात झाला. 1942 मध्ये ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग शिकायला गेले आणि सी. व्ही. रामन यांनी त्यांना भौतिकशास्त्राकडे ओढून घेतलं. पुढे केंब्रिजची पीएचडी झाली. मद्रास विद्यापीठाचे कुलगुरू लक्ष्मणस्वामी मुदलियार यांनी प्राध्यापकपदासाठी रामन यांना विचारलं होतं. रामन यांनी स्वतः न जाता रामचंद्रन यांचं नाव सुचवलं. अशा रीतीने 1952 मध्ये, तिशीच्या उंबरठ्यावर, ते एका विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागाचे प्रमुख झाले.

आता प्रश्न आला विषयाचा. त्याच सुमारास लंडनचे जे. डी. बर्नाल मद्रासला आले होते. कोलॅजेनची रचना अजून कुणाला नीट सुटलेली नाही, हे बोलण्यात निघालं. कोलॅजेन म्हणजे कातडी, हाडं, स्नायुबंध यांतलं मुख्य प्रथिन. विभागाच्या शेजारीच केंद्रीय चर्म संशोधन संस्था होती, त्यामुळे नमुने मिळायला अडचण नव्हती. विषय निवडताना तुम्हीही हे बघा: प्रश्न मोठा असावा, पण त्याचा कच्चा माल हाताशी असावा.

रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांच्याकडे दोन धागे होते. एक, क्ष-किरणांची विवर्तन चित्रं. दुसरा, रासायनिक विश्लेषण: कोलॅजेनमधल्या अमिनो आम्लांपैकी साधारण एक तृतीयांश ग्लायसिन असतं. ग्लायसिन सगळ्यात लहान. समजा तीन साखळ्या एकमेकींना चिकटून उभ्या आहेत. मधल्या चिंचोळ्या जागेत फक्त ग्लायसिनच मावेल, म्हणजे प्रत्येक साखळीत दर तिसऱ्या जागी तेच हवं. हिशोब जुळला! 1954 मध्ये 'नेचर'मध्ये तीन साखळ्यांची रचना छापून आली. 1955 मध्ये त्यांनी ती सुधारली: तिन्ही साखळ्या दोरखंडासारख्या एकमेकींभोवती पिळलेल्या.

त्याच वर्षी केंब्रिजहून अलेक्झांडर रिच आणि फ्रान्सिस क्रिक यांनी बरीचशी तशीच रचना मांडली. सोबत आक्षेपही घेतला: मद्रासच्या मॉडेलमध्ये काही अणू एकमेकांच्या फार जवळ येतात, त्यामुळे ते टिकणार नाही. क्रिक म्हणजे दोनच वर्षांपूर्वी डीएनएची रचना देणारे. अशा माणसाचा शब्द विरुद्ध गेला, तर नव्या विभागाची पतच पणाला लागते.

इथे उत्तर द्यायचे दोन सोपे मार्ग होते: वाद घालत बसणं किंवा विषय सोडून देणं. रामचंद्रन यांनी आक्षेपातला एक शब्द उचलला. 'फार जवळ' म्हणजे नेमकं किती जवळ?

याचं उत्तर मतांमध्ये शोधायचं नव्हतं, छापलेल्या डेटात शोधायचं होतं. अमिनो आम्लं, लहान पेप्टाइडं आणि तशाच संयुगांच्या ज्या स्फटिकरचना प्रसिद्ध झाल्या होत्या, त्यांतली अणूंमधली अंतरं त्यांच्या गटाने तपासली. प्रत्येक जोडीसाठी दोन मर्यादा ठरल्या: एक नेहमीची आणि एक अगदी टोकाची. उदाहरणार्थ, कार्बन-कार्बनसाठी 3.2 आणि 3.0 अँगस्ट्रॉम, हायड्रोजन-हायड्रोजनसाठी 2.0 आणि 1.9. समजत होते त्यापेक्षा कमी अंतरं निसर्गात खरोखर आढळत होती.

खरी झेप यानंतरची. या मर्यादा हातात आल्यावर त्यांनी प्रश्नच मोठा केला: कोलॅजेन राहू दे, कुठल्याही प्रथिनाची साखळी कशी कशी वळू शकते?

हे समजायला पत्त्यांची माळ डोळ्यासमोर आणा. पेप्टाइड बंधाचा तुकडा पत्त्यासारखा सपाट असतो, सहसा वळत नाही. दोन पत्ते जिथे जुळतात तिथे एक कार्बन अणू. त्याच्या दोन्ही बाजूंना फिरायला वाव असतो; ते दोन कोन म्हणजे फाय आणि साय. दोन्ही −180 ते +180 अंशांपर्यंत फिरवत न्या आणि प्रत्येक जागी तपासा: अणू एकमेकांवर आदळतात का? आदळले तर ती जागा बाद. 1963 मध्ये रामचंद्रन, सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन यांनी हा नकाशा प्रसिद्ध केला. बहुतेक सगळा नकाशा बाद झाला आणि मोजकी बेटं उरली. अल्फा हेलिक्स आणि बीटा रचना नेमक्या त्या बेटांवर बसतात. लक्षात घ्या, तेव्हा अणूंच्या पातळीवर रचना माहीत असलेली प्रथिनं बोटांवर मोजण्याइतकीच होती.

आज कुणीही प्रथिनाची नवी रचना डेटाबँकेत जमा केली, की तपासणी अहवालात या प्लॉटचा निकष असतोच. अमिनो आम्लं बाद भागात पडली, तर त्यांची नोंद होते.

मग मूळ वादाचं काय झालं? तिहेरी पिळाचा मद्रासचा आराखडा टिकला. पण दर तीन अमिनो आम्लांमागे साखळ्यांमध्ये थेट हायड्रोजन बंध एकच, हे रिच-क्रिक यांचं म्हणणं बरोबर ठरलं. आक्षेप घेणारे पूर्ण चूक नव्हते आणि रामचंद्रनही नव्हते. पण त्या आक्षेपामागचा प्रश्न शेवटपर्यंत नेल्यामुळे जे हाती आलं, ते दोन्ही मॉडेलांपेक्षा मोठं निघालं.

तेव्हा उद्या प्रेझेंटेशनमध्ये कुणी म्हणालं की 'सॅम्पल फार लहान आहे' किंवा 'एरर जास्त वाटतो', तर लगेच बचावाला उभे राहू नका. वहीत तो शब्द लिहा: 'फार', 'जास्त', 'अपुरं'. शेजारी लिहा: कशाच्या तुलनेत, किती? मग लायब्ररीत जाऊन तो आकडा शोधा. सापडला तर तुमचं उत्तर तयार. आणि कुणीच तो नीट मोजलेला नसेल, तर तुम्हाला थीसिसचा एक चॅप्टर मिळाला असं समजा.