धारासूर : ‘हेमाडपंती’ म्हटले की संपले?

परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेड तालुक्यात, गोदावरीच्या काठी धारासूर येथे गुप्तेश्वराचे मध्ययुगीन मंदिर आहे. ‘जुने हेमाडपंती देऊळ’ एवढ्यावर त्याची बोळवण होते. ही ओळख अपुरी आहे आणि मंदिरावर अन्याय करणारी आहे. चुना न वापरता घडीव दगड एकमेकांत सांधून उभारलेले देऊळ, हा हेमाडपंतीचा रूढ अर्थ. धारासूरच्या दगडी अंगावर मात्र शिखर विटांचे आहे. उंचावर दगडापेक्षा हलकी वीट वापरण्यामागची सूत्रधाराची, म्हणजे मुख्य स्थपतीची, जाण त्या शब्दात येत नाही. बाह्यांगावरील सुरसुंदरी, म्हणजे अप्सरांची शिल्पे, आणि विष्णुमूर्तीही येत नाहीत. आज पूजा महादेवाची आणि भिंतींवर विष्णू, हे पाहून कोणालाही मंदिराच्या पूर्वेतिहासाविषयी प्रश्न पडायला हवा. ‘हेमाडपंती’ म्हटले की तो प्रश्नच मिटतो.

ज्याच्या नावाने ही शैली ओळखली जाते, तो हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत यादव राजे महादेव आणि रामचंद्र यांच्या दरबारी मंत्री होता. महादेव गादीवर आला 1261 साली. अंबरनाथचे शिवमंदिर 1060 चे, म्हणजे त्याच्या दोनशे वर्षे आधीचे. तिथेही सांधकाम, घडीव खांब आणि शिल्पांनी भरलेल्या भिंती आहेतच. म्हणजे परंपरा आधीची, नाव नंतरचे. हेमाद्रीने मंदिरबांधणीला चालना दिली असेलही, पण पिढ्यान्‌पिढ्या हे तंत्र सांभाळणाऱ्या पाथरवटांचे श्रेय एका मंत्र्याच्या खात्यावर टाकता येत नाही.

लोकांच्या तोंडी रुळलेले नाव कशाला मोडायचे, असा आक्षेप येईल. तो खरा आहे. नाव मोडू नये, पण तिथे थांबूही नये. युरोपातल्या ‘गॉथिक’ या शब्दाचेही असेच झाले. गॉथ लोकांनी त्या शैलीतली चर्च बांधली नव्हती. इटलीतल्या नंतरच्या लेखकांनी हिणवण्यासाठी ते नाव दिले. नाव टिकले, पण अभ्यास पुढे गेला. नेदरलँड्समधल्या गौडा या बाजारपेठेच्या गावातले सेंट जॉन चर्च 123 मीटर लांब आहे आणि त्याचे छत लाकडी आहे. तिथल्या भुसभुशीत जमिनीला दगडी छताचा भार पेलवत नाही, हे त्यामागचे कारण. तेही गॉथिकच म्हणवते, पण त्याची खरी ओळख त्या छतात आहे.

धारासूरची ओळखही अशीच सांगितली पाहिजे. मंदिरापुढच्या फलकावर ‘हेमाडपंती’ जरूर असावे; त्याखाली विटांचे शिखर, विष्णुमूर्ती आणि यादवकाळ यांविषयी चार ओळी मराठीत असाव्यात. जिल्ह्यातल्या शाळांनी सहली इथे आणाव्यात आणि मुलांना आधी भिंती वाचायला शिकवावे.