पथ्याचा गुण कुठे येतो

घरात कुणाला मल्टिपल स्क्लेरोसिसचं, म्हणजे रुग्णांच्या बोलीत ‘एमएस’चं निदान झालं, की महिन्याभरात पथ्यांची यादी तयार होते. गहू बंद, दूध बंद, साखर बंद. सकाळी उपाशीपोटी गुळवेलीचा काढा, जेवणात जवसाचं तेल, रात्री अश्वगंधा. यादी कुणा एकाची नसते. थोडी मावशीकडून येते, थोडी शेजारून, बरीचशी मोबाइलवरून, आणि प्रत्येक ओळीमागे कुणाला तरी आलेला गुण असतो. या यादीला सरसकट हसणं चूक आहे, तशीच ती डोळे मिटून पाळणंही. आहाराचा या आजारात खरा उपयोग आहे, पण ज्या जागी तो आहे असं सांगितलं जातं ती जागा वेगळी आणि पुराव्याने दिसते ती वेगळी, हे मला इथे मांडायचं आहे.

आधी आजार समजून घेऊ. मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवर मायलिन नावाचं स्निग्ध आवरण असतं. त्याच्यामुळे संदेश वेगाने धावतात. एमएसमध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणाच या आवरणावर हल्ला करते आणि जागोजागी चट्टे पडतात. पॅरिसमध्ये झाँ-मार्टिन शार्को यांनी १८६८ साली या आजाराचं पहिलं सुस्पष्ट वर्णन केलं. चट्टा कुठे पडला यावर लक्षण ठरतं. एका डोळ्याने लाल रंग फिका दिसू लागतो, पाय बधिर होतो, मान खाली घालताच पाठीतून विजेचा झटका जातो. बहुतेकांना हा आजार विशी ते चाळिशीत गाठतो, आणि बायकांमध्ये त्याचं प्रमाण पुरुषांच्या दुप्पट किंवा त्याहूनही अधिक आहे.

पथ्याच्या प्रश्नासाठी मात्र या आजाराची एक खोड सर्वांत महत्त्वाची. सुमारे ८५ टक्के रुग्णांमध्ये तो सुरुवातीला येतो-जातो अशा रूपात असतो. अटॅक येतो, काही आठवडे त्रास होतो, मग तो पुष्कळसा आपोआप ओसरतो. पुढचा अटॅक सहा महिन्यांनी येईल की सहा वर्षांनी, हे कुणी सांगू शकत नाही. माणूस नवा उपाय सुरू करतो तो हाल असह्य झाल्यावर, म्हणजे नेमका उतार पडण्याच्या तोंडावर. मग त्या आठवड्यात जे काही पोटात गेलं असेल, त्याला श्रेय मिळतं. सांगणारा खोटं बोलत नसतो, त्याला खरोखरच बरं वाटलेलं असतं. पण येत्या-जात्या आजारात एकट्याचा अनुभव हा कच्चा साक्षीदार आहे. कशामुळे बरं वाटलं हे ओळखायचं, तर ज्यांनी तो उपाय केला नाही अशांचा गटही शेजारी उभा करावा लागतो.

एमएसमधल्या पथ्याचा सर्वांत जुना आणि आदरणीय प्रयोग याच कसोटीवर अडतो. डॉ. रॉय स्वँक यांना नॉर्वेत दिसलं की किनाऱ्यावरच्या मासेमारी करणाऱ्या वस्त्यांपेक्षा आतल्या शेतीच्या, दूध-लोण्याच्या मुलखात हा आजार जास्त आहे. १९५२ साली त्यांनी ते प्रसिद्धही केलं. त्याआधीच त्यांनी माँट्रियलमध्ये रुग्णांना अत्यल्प चरबीच्या आहारावर ठेवायला सुरुवात केली होती. १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी १४४ रुग्णांचा ३४ वर्षांचा हिशेब मांडला. दिवसाला २० ग्रॅम किंवा त्याहून कमी चरबी खाणाऱ्यांचं अपंगत्व पुष्कळ कमी वाढलं आणि मृत्यूही कमी झाले, असा तो हिशेब होता. २० ग्रॅम म्हणजे जेमतेम चार लहान चमचे तूप. चौतीस वर्षं रुग्णांची साथ न सोडणाऱ्या डॉक्टरच्या निष्ठेला नमस्कारच करायला हवा. पण चिठ्ठ्या टाकून पाडलेले दोन गट तिथे नव्हते. तुलना होती ती पथ्य पाळणारे आणि न पाळणारे यांच्यात. पथ्य कुणाला पाळता येतं? ज्याला उभं राहून स्वयंपाक करता येतो, बाजारात जाता येतं, ज्याचं मन खचलेलं नाही त्याला. ज्याचा आजार मुळातच भराभर वाढतो आहे, त्याचं पथ्य सुटतं. म्हणजे पथ्यामुळे प्रकृती टिकली, की प्रकृती टिकली म्हणून पथ्य टिकलं, हे त्या आकड्यांवरून सांगता येत नाही.

पुढे स्वँक ज्या ओरेगॉनच्या विद्यापीठात काम करत होते, तिथेच ही उणीव भरून काढायचा प्रयत्न झाला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत ६१ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एकाला वर्षभर कमी चरबीचा, पूर्णपणे वनस्पतिजन्य आहार दिला, दुसरा नेहमीचं जेवत राहिला. वर्षाअखेरीस एमआरआयमधल्या चट्ट्यांत फरक नव्हता, अटॅकच्या संख्येतही नव्हता. मात्र आहार बदललेल्यांचं वजन उतरलं, कोलेस्टेरॉल कमी झालं, आणि थकवा कमी झाल्याचं त्यांनी सांगितलं. चाचणी छोटी होती, त्यामुळे बारीकसा फायदा तिच्या नजरेतून सुटलाही असेल. तरी आलेलं उत्तर बोलकं आहे. मेंदूतले चट्टे जागच्या जागी, पण माणसाचा दिवस थोडा सोपा झाला.

आयोवा विद्यापीठातल्या डॉ. टेरी वॉल्स यांची कहाणी याहून प्रसिद्ध आहे. त्या स्वतः डॉक्टर आणि स्वतःच रुग्ण. चाकाच्या खुर्चीतून त्या सायकलपर्यंत आल्या आणि त्याचं श्रेय त्यांनी मुख्यतः आपल्या आहाराला दिलं, जरी त्या काळात त्या व्यायाम आणि स्नायूंना विजेचं उद्दीपनही घेत होत्या. त्यांच्या आहारात मांस आणि ढीगभर भाज्या आहेत, धान्य आणि दूध नाही. स्वँक यांच्या आहारात धान्य चालतं, चरबी नाही. २०२१ साली आयोवाच्याच एका चाचणीत हे दोन आहार समोरासमोर ठेवले गेले, आणि दोन्ही गटांचा थकवा कमी झाला. हा निकाल नीट वाचायला हवा. एकमेकांच्या विरुद्ध वाटणाऱ्या दोन पथ्यांनी सारखाच गुण येत असेल, तर तो भाकरी सोडल्याचा किंवा तूप सोडल्याचा गुण नाही. दोहोंत समान होतं ते पाकीटबंद खाणं सुटणं, भाज्या वाढणं, जेवणाला शिस्त येणं, आणि कुणीतरी आस्थेने विचारपूस करणं. आहार न बदललेला तिसरा गट तिथे नव्हता, म्हणून नुसत्या आशेचा वाटा किती हेही उरतंच.

जीवनसत्त्वांची गोष्ट आणखी सावध करणारी आहे. बायोटिन हे साधं बी गटातलं जीवनसत्त्व. रोजची गरज सुमारे ३० मायक्रोग्रॅम. ते दिवसाला ३०० मिलिग्रॅम, म्हणजे गरजेच्या दहा हजारपट दिलं, तर हळूहळू वाढत जाणाऱ्या एमएसमध्ये काहींना सुधारणा दिसते, असं २०१६ मध्ये १५४ रुग्णांच्या चाचणीतून पुढे आलं. आशा पालवली. मग ६४२ रुग्णांची मोठी चाचणी झाली, आणि २०२० मध्ये निकाल आला की फायदा नाही. वर एवढ्या मात्रेत बायोटिन रक्तातल्या थायरॉइडसारख्या चाचण्यांचे आकडेच चुकवतं, आणि त्या चुकलेल्या आकड्यांवर उपचार होण्याचा धोका असतो. माशाच्या तेलातल्या ओमेगा-३ चीही नॉर्वेत ९२ रुग्णांवर रीतसर परीक्षा झाली. २०१२ च्या त्या अहवालात चट्टे कमी झाले नाहीत. बांगडा आणि तारली हृदयासाठी अवश्य खावी, एमएसचं औषध म्हणून नव्हे.

ड जीवनसत्त्वाचं दार मात्र बंद झालेलं नाही. रक्तात ते कमी असणाऱ्यांना एमएस होण्याचा धोका जास्त, हे अमेरिकी लष्करातल्या नोंदींवरून २००६ साली दिसलं. झालेला आजार त्याने आवरतो का, हा पुढचा प्रश्न. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत नेहमीच्या औषधाबरोबर रोज ५००० युनिट घेणाऱ्यांना ६०० युनिट घेणाऱ्यांपेक्षा अटॅक कमी आले नाहीत. उलट २०२५ मध्ये फ्रान्समधून वेगळा निकाल आला. नुकताच पहिला अटॅक आलेल्या आणि दुसरं औषध सुरू न झालेल्या ३१६ जणांपैकी निम्म्यांना दर पंधरवड्याला एक लाख युनिट दिले, तेव्हा दोन वर्षांत आजाराची हालचाल ७४ टक्क्यांऐवजी ६० टक्क्यांमध्ये दिसली. फरक मुख्यतः एमआरआयमध्ये होता, प्रत्यक्ष अटॅकमध्ये ठळक नव्हता. आणि जीवनसत्त्व घेऊनही साठ टक्क्यांचा आजार चालूच राहिला, हेही त्याच आकड्यात आहे. आपल्याकडे केमिस्टकडे मिळणारी साठ हजार युनिटची पुडी अनेक घरांत ओळखीची झाली आहे, पण ती आठवड्याला किती आणि किती दिवस, हे रक्त तपासून डॉक्टरांनीच ठरवावं. जास्त झालेलं ड जीवनसत्त्व रक्तातलं कॅल्शियम वाढवतं आणि मूत्रपिंडांना ते सोसत नाही. शिवाय ऊन हेच सगळ्याचं उत्तर असतं, तर डॉ. नोशीर वाडिया यांनी १९९० साली पारशी समाजात एमएसचं लक्षणीय प्रमाण नोंदवलं नसतं. मुंबईचं ऊन सगळ्यांना सारखंच आहे. या आजारात वंशपरंपरा, एपस्टाइन-बार नावाच्या विषाणूचा संसर्ग, धूम्रपान, कोवळ्या वयातला लठ्ठपणा असे अनेक धागे गुंतलेले आहेत. एकच धागा ओढून तो सुटत नाही.

ब-१२ बद्दल मात्र महाराष्ट्रातल्या वाचकाने सावध राहायलाच हवं. या जीवनसत्त्वाच्या कमतरतेनेही मायलिन खराब होतं, मुंग्या येतात, चाल बिघडते. पुणे परिसरातल्या मध्यमवयीन पुरुषांच्या २००६ मधल्या पाहणीत ६७ टक्क्यांमध्ये ब-१२ कमी आढळलं होतं. ही कमतरता भरून काढली की तिच्यामुळे झालेला त्रास पुष्कळदा कमी होतो. एमएसच्या रुग्णाला आजाराबरोबरच ही कमतरताही असू शकते, म्हणून तपासणी करावीच. पण इंजेक्शनांनी शेजाऱ्याच्या मुंग्या गेल्या म्हणून एमएसच्या मुंग्या जातील, असा अर्थ त्यातून काढता येत नाही.

मग आहाराचा खरा उपयोग कुठे? मला सर्वांत वजनदार वाटतो तो उत्तर अमेरिकेतल्या सुमारे नऊ हजार रुग्णांच्या नोंदींचा २०१० सालचा अभ्यास. ज्यांना रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, हृदयविकार असं काही नव्हतं, त्यांना निदानानंतर चालायला आधार लागेपर्यंत साधारण १८.८ वर्षं गेली. ज्यांना यांतलं काही होतं, त्यांना १२.८ वर्षं. सहा वर्षांचा फरक! हाही निरीक्षणाचाच पुरावा आहे, स्वँक यांच्याबाबत घेतलेली हरकत इथेही काही अंशी लागू पडते. पण इथे वैद्यकाची सर्वसाधारण समज त्याच्या बाजूने आहे, आणि सल्ला चुकला तरी नुकसान नाही. साखर आणि तळण आवरणं, लोणचं-पापडाच्या मिठाला मर्यादा, ताटात भाजी आणि डाळ जास्त, कमरेचा घेर ताब्यात, सिगारेट बंद. यात आकर्षक असं काहीच नाही, म्हणूनच ते कुणी विकत नाही. अटॅकसाठी वारंवार स्टिरॉइड घेतलेल्यांची हाडं झिजतात, तिथे नाचणी, तीळ, दूध-दही यांचा उपयोग आहे. दूध सरसकट बंद करणाऱ्या यादीने हाच आधार काढून घेतला जातो. लघवीला धावपळ होते म्हणून बरेच रुग्ण पाणी तोडतात, त्यामुळे बद्धकोष्ठ वाढतं आणि लघवीतला जंतुसंसर्गही. त्यांनी दिवसभर थोडंथोडं पाणी आणि ताक घेत राहणं हे कुठल्याही महागड्या पावडरीपेक्षा मोलाचं आहे.

नैसर्गिक उपायांत उष्णतेचं भान सर्वांत आधी हवं. शरीराचं तापमान अर्ध्या अंशाने वाढलं तरी अनेक रुग्णांची दृष्टी धूसर होते, पाय जड होतात. व्यायामानंतर दृष्टी अशी तात्पुरती धूसर होते, हे जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उटहोफ यांनी १८९० मध्येच नोंदवलं होतं. म्हणून वाफेची पेटी, कडकडीत पाण्याची आंघोळ, स्वेदन हे एरवी सुखद उपाय इथे त्रास वाढवतात, थंड झाल्यावर तो ओसरतो. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात मानेवर ओला पंचा, गार पाण्याचे घोट आणि सकाळी लवकर उरकलेली कामं, हे खरंखुरं उपचाराचंच अंग आहे. व्यायामाचंही तसंच. २००४ साली ओरेगॉनमध्ये ६९ रुग्णांवर पुण्यात वाढलेल्या अय्यंगार योगपद्धतीची सहा महिने परीक्षा झाली. योगाच्या गटाचा थकवा कमी झाला, आणि स्थिर सायकल चालवणाऱ्या गटाचाही. जे आवडेल, जे टिकेल ते करावं, असाच त्याचा अर्थ.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, की औषध कंपन्यांना भाजीत नफा नाही, म्हणून आहाराचे पुरावे पुढे येत नाहीत. पैशाची अडचण खरी आहे, आहाराच्या चाचण्या लहान राहतात त्याचं ते एक कारण. पण वर सांगितलेल्या बऱ्याच चाचण्या मुळात झाल्या, त्या आहारावर आणि जीवनसत्त्वांवर विश्वास असलेल्यांनीच पुढाकार घेतला म्हणून. काही निकाल त्यांच्या मनाविरुद्ध आले, तरी त्यांनी ते छापले.

दुसरा आक्षेप जास्त जिव्हाळ्याचा. करून पाहायला काय हरकत आहे, त्यात तोटा काय? तोटा आहे. मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२० च्या शेवटच्या महिन्यांत गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले सहा रुग्ण नोंदवले. काहींच्या यकृतात प्रतिकारयंत्रणा स्वतःवरच उलटल्याच्या खुणा होत्या. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षाला हरकत घेतली आणि वाद झाला. पण ज्याची प्रतिकारयंत्रणा आधीच आपल्या अंगावर उलटली आहे, त्याने ती ‘वाढवणारं’ काही घ्यावंच कशाला, हा साधा प्रश्न त्या वादाने मिटत नाही. दुसरा तोटा वेळेचा. रोगाचा वेग रोखणारी औषधं पहिल्या वर्षांत सर्वाधिक कामाची असतात, आणि पथ्यावर विसंबून घालवलेल्या दोन वर्षांत पडलेले चट्टे नंतर पुसता येत नाहीत. ही औषधं महाग आहेत, हे मान्य करूनच बोलायला हवं. पुष्कळांसाठी काढा हा विश्वासाचा नव्हे, नाइलाजाचा मार्ग असतो. १९८५ पासून काम करणारी मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया, आणि २०१६ च्या अपंगत्व हक्क कायद्याने या आजाराला दिलेलं स्थान यांची माहिती अशा घरांपर्यंत आधी पोचायला हवी.

तिसरा तोटा कुठल्या चाचणीत मोजला जात नाही. कडक पथ्य दिलं की अटॅकचा दोष रुग्णाकडे जातो. “लग्नात जेवलीस ना, म्हणून झालं!” हे वाक्य बहुधा एका तरुण बाईला ऐकावं लागतं, जी थकलेल्या हातांनी घरच्यांसाठी एक आणि स्वतःसाठी दुसरा असा स्वयंपाक करत असते. लग्नातल्या एका जेवणाने अटॅक येतो याला कुठलाही आधार नाही, हे तिला डॉक्टरांनी घरच्यांसमक्ष, स्पष्ट शब्दांत सांगायला हवं. आणि तिनेही पुढच्या तपासणीला जाताना एमआरआयच्या फाइलबरोबर काढ्याची बाटली, पावडरीचा डबा, जीवनसत्त्वाच्या गोळ्यांची पट्टी असं सगळं पिशवीत घालून न्यावं आणि टेबलावर ठेवावं. त्यातलं काय चालू ठेवायचं, काय थांबवायचं आणि यकृताची तपासणी कधी करायची, हे मग तिथेच बसून ठरवता येतं.