गेम बॉय ॲडव्हान्सचा पॉवर स्विच बिघडलाय? फेकण्याआधी हे करून बघा

नवे सेल टाकले, स्विच सरकवला, हिरवा दिवा लागला आणि दोन मिनिटांत लाल झाला. कधी हात जरा हलला की स्क्रीनच बंद. निन्टेंडोचा गेम बॉय ॲडव्हान्स २००१ साली बाजारात आला. आज घराघरांतल्या ड्रॉवरमध्ये पडलेल्या या गेमिंग डिव्हाइसेसची ही नेहमीची तक्रार आहे. माझ्या मावसभावाचा असाच एक सेट दुरुस्तीच्या दुकानातून "बोर्ड गेलाय, आता काही होणार नाही" असं ऐकून परत आला होता. बोर्ड ठणठणीत होता, बिघाड होता तो फक्त स्विचमध्ये. तो कसा ओळखायचा आणि घरी कसा दुरुस्त करायचा, ते आज बघूया.

आधी कार्ट्रिज बाहेर काढा

हे सगळ्यात महत्त्वाचं. गेम बॉय ॲडव्हान्समध्ये तुमचा सेव्ह केलेला गेम डिव्हाइसमध्ये नसतो, तो कार्ट्रिजमधल्या चिपवर असतो. सेव्ह लिहिला जात असतानाच पॉवर गेली, तर तो सेव्ह खराब होऊ शकतो. भावाच्या कार्ट्रिजवर त्याचा शाळेच्या दिवसांतला गेम होता आणि आता तो त्याच्या मुलीला पुढे खेळायचा होता. डिव्हाइस नवं-जुनं मिळेल, तो सेव्ह मिळणार नाही. म्हणून स्विच नीट होईपर्यंत लाडकं कार्ट्रिज आत घालायचं नाही. कार्ट्रिज नसतानाही डिव्हाइस सुरू होऊन लोगो दाखवतं, तपासणीला तेवढं पुरतं.

स्विचमुळे सेल 'संपल्यासारखे' का वाटतात?

या डिव्हाइसमध्ये दोन एए सेल लागतात, म्हणजे साधारण ३ व्होल्ट. सेलमधून निघालेला करंट पॉवर स्विचच्या आतल्या छोट्याशा धातूच्या पट्टीवरून पुढे जातो. या पट्टीवर वर्षानुवर्षं हवेतल्या ओलाव्याने आणि धुळीने काळपट थर चढतो. कोकणात, मुंबईत ठेवलेल्या वस्तूंना हा त्रास जास्त. हा थर करंटला अडवतो, म्हणजेच रेझिस्टन्स वाढतो.

साधा हिशोब करू. समजा स्विचमध्ये २ ओहमचा रेझिस्टन्स तयार झाला आणि डिव्हाइस ०.१५ अँपिअर करंट घेतंय. २ गुणिले ०.१५ म्हणजे ०.३ व्होल्ट स्विचमध्येच खर्च झाले. सेलमधून ३ व्होल्ट निघाले, पण आतल्या सर्किटला मिळाले २.७. व्होल्टेज असं जास्त घसरलं, की त्याला वाटतं सेल उतरले आणि दिवा लाल होतो.

त्यात आणखी एक गंमत आहे. आतलं पॉवर सर्किट हे कमी व्होल्टेजवरून हवं ते व्होल्टेज तयार करतं. त्याला येणारं व्होल्टेज कमी झालं, की तेवढंच काम करायला ते जास्त करंट ओढतं. करंट वाढला की स्विचमधला तोटा आणखी वाढतो. म्हणून आवाज मोठा केला किंवा गेममध्ये गडबड सुरू झाली, की नेमकं तेव्हाच डिव्हाइस बंद पडतं.

बिघाड स्विचचाच आहे का?

१. आधी चांगले, नवे अल्कलाइन सेल घाला. रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचे असतात, त्यामुळे तपासणीसाठी ते नकोत.

२. सेलच्या खोक्यातल्या पट्ट्या बघा. पांढरी किंवा हिरवट पावडर दिसली तर सेल गळलेत. कापसाच्या काडीला थोडं व्हिनेगर लावून ती पुसा, मग अल्कोहोलने पुसून कोरडी करा.

३. डिव्हाइस सुरू करा आणि स्विच 'ऑन'वरच ठेवून बोटाने अगदी हलकासा दाबा. दिवा लाल-हिरवा होत असेल किंवा स्क्रीन येत-जात असेल, तर दोष स्विचचाच समजा.

४. स्विच ढिला लागतोय, सरकवल्यावर 'टक' जाणवत नाही? मग बाहेरचं प्लॅस्टिकचं बटण आतल्या स्विचच्या दांडीवरून निसटलेलं असू शकतं. ते नुसतं जागेवर बसवूनही काम होतं.

काय काय लागेल?

तीन पाकळ्यांच्या स्क्रूसाठी ट्राय-विंग स्क्रूड्रायव्हर, एक बारीक साधा चौफुली स्क्रूड्रायव्हर, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, ड्रॉपर आणि जमलं तर मल्टीमीटर. पुण्यात बुधवार पेठेत, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर हे सामान मिळतं, ऑनलाइनही मिळतं.

उघडायचं कसं?

सेल काढा. मागे सहा ट्राय-विंग स्क्रू आहेत आणि सेलच्या खोक्यात एक चौफुली. चुकीचा स्क्रूड्रायव्हर जोर लावून फिरवू नका, डोकं झिजलं की स्क्रू निघणं कठीण. मागचं झाकण अलगद उचला. वरची एल आणि आर बटणं सुटी होतात, त्यांच्या बारीक पिना हरवू नका. आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

स्विच बोर्डाच्या खालच्या कडेला आहे. मल्टीमीटर असेल तर तो कंटिन्युइटीवर ठेवा आणि स्विच मागेपुढे करत कोणत्या दोन पिनांवर बीप येतो ते शोधा. मग ओहमवर ठेवून त्याच दोन पिना मोजा. मल्टीमीटरच्या वायरी एकमेकींना टेकवल्यावर जो आकडा येतो, जवळपास तोच इथे यायला हवा. आकडा जास्त असेल किंवा स्विच हलवताना नाचत असेल, तर निदान पक्कं.

साफसफाई

दांडीच्या फटीत अल्कोहोलचे दोन-तीन थेंब सोडा आणि स्विच तीस-चाळीस वेळा मागेपुढे करा. या घासण्यानेच थर निघतो, अल्कोहोल तो वाहून नेतं. बोर्ड तिरका धरून मळकं अल्कोहोल टिपून घ्या. असं तीन वेळा करा, अर्धा तास वाळू द्या आणि परत मोजा. भावाच्या सेटमध्ये आकडा तिसऱ्या फेरीनंतर स्थिर झाला.

दोन सूचना. अल्कोहोल पेट घेतं, म्हणून खिडकी उघडी ठेवा आणि जवळ गॅस किंवा उदबत्ती नको. नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका, त्यातलं ॲसिटोन प्लॅस्टिक विरघळवतं.

तरीही नाही झालं तर?

आतली पट्टी झिजली किंवा तुटली असेल, तर स्विच बदलावा लागतो. सुटा स्विच मिळतो, पण हे सोल्डरिंगचं काम आहे. स्विचच्या धातूच्या बाजू बोर्डाच्या मोठ्या तांब्याच्या भागाला जोडलेल्या असतात, तो उष्णता पटकन ओढून घेतो. सोल्डर पूर्ण वितळायच्या आत स्विच ओढला, तर खालचा पॅड उखडतो आणि मग खरोखरच "बोर्ड गेला" असं म्हणायची वेळ येते. हात बसलेला नसेल तर मोबाइल दुरुस्त करणाऱ्या चांगल्या कारागिराकडे जा. फक्त "डिव्हाइस चालत नाही" असं सांगू नका. "पॉवर स्विच बदलायचाय, स्विच मी मोजून बघितलाय" असं सांगा. निदान तुमच्या हातात असेल, तर समोरचाही नीट काम करतो.

सगळं जोडल्यावर आधी कार्ट्रिजशिवाय अर्धा तास चालवून बघा. मधूनमधून स्विच हलका दाबा. दिवा हिरवाच राहिला, तर मग तुमचा जुना सेव्ह खुशाल आत घाला.