गिरण्या बंद पडल्या, पाहुणे येऊ लागले

गावात पर्यटनाचा विषय निघाला की गटातल्या बायका लगेच विचारतात, "आपल्याकडे आहे तरी काय बघण्यासारखं?" म्हणून आज आम्ही इंग्लंडच्या उत्तरेकडच्या ब्रॅडफर्ड या शहराची आणि आजूबाजूच्या गावांची माहिती देणार आहोत. इथे समुद्र नाही. लोकरीच्या गिरण्या आणि त्यांचा धूर, हीच जुनी ओळख.

जवळच सॉल्टेअर आहे. टायटस सॉल्ट या मालकाने १८५३ साली तिथे मोठी गिरणी सुरू केली आणि कामगारांसाठी गावच वसवलं. दगडी घरं, शाळा, दवाखाना, कपडे धुण्याची सोय, सगळं दिलं. दारूचं दुकान मात्र नाही. (हे ऐकून आमच्या गटात टाळ्या पडतील!) पण घरही मालकाचं आणि कामही मालकाचं, हे विसरू नका. गिरणी १९८६ मध्ये बंद पडली. पुढच्याच वर्षी एका व्यापाऱ्याने ती विकत घेतली आणि आत चित्रांचं दालन केलं, दुकानं आली. २००१ मध्ये सॉल्टेअर जागतिक वारसा ठरलं. त्या घरांत आजही लोक राहतात.

दुसरं गाव हॉवर्थ. इथे ब्राँटे बहिणी राहिल्या. शार्लट, एमिली आणि ॲन या तिघींनी १८४७ साली कादंबऱ्या छापल्या त्या पुरुषी वाटतील अशा नावांनी. बाईचं लिखाण म्हणून कोणी कमी लेखू नये, ही काळजी! त्यांचं घर १९२८ पासून संग्रहालय आहे.

हॉवर्थच्या चढाच्या दगडी रस्त्यावर आता पर्यटक फोटो काढतात. पण १८५० साली सरकारी तपासनीस आला तेव्हा तिथलं पाणी घाण होतं आणि काही ठिकाणी २४ कुटुंबांना मिळून एकच संडास होता. मरणाऱ्यांचं सरासरी वय जेमतेम २५ वर्षं, आणि शंभरातली चाळीसहून अधिक मुलं सहा वर्षांची होण्याआधीच जायची. तपासणी व्हावी म्हणून अर्ज करणाऱ्यांत या बहिणींचे वडील पुढे होते. ते तिथले पाद्री. अर्ज गेला तोवर तिन्ही बहिणींपैकी एकटी शार्लट उरली होती.

हॉवर्थला वाफेच्या गाडीने जाता येतं. हा आठ किलोमीटरचा लोहमार्ग सरकारने बंद केला होता. स्थानिक लोकांनी एकत्र येऊन तो १९६८ मध्ये पुन्हा चालू केला. आजही तिकिटं देण्यापासून इंजिन चालवण्यापर्यंत बरीचशी कामं स्वयंसेवकच करतात.